तारा स्टीलच्या लावू की सिरॅमिकच्या?

‘मुलीचे दात पुढे आलेत, तारा लावायच्यात. स्टीलच्या लावू की त्या पांढऱ्या?’ नारायणगाव, मंचर, ओतूर, घोडेगाव, आळेफाटा, गाव कुठलंही असो, दातांच्या तारांबद्दल आईवडिलांचा पहिला प्रश्न हाच असतो. विचारणाऱ्या बहुतेकांनी मनात उत्तरही ठरवलेलं असतं: पांढऱ्या महाग, म्हणजे चांगल्या, स्टीलच्या स्वस्त, म्हणजे जेमतेम. माझं मत सुरुवातीलाच सांगते. जुन्नर-आंबेगावातल्या शाळकरी मुलामुलींना, तसं काही खास कारण नसेल तर, धातूच्याच तारा लावाव्यात. सिरॅमिकच्या तारा वाईट नाहीत, काही मोठ्या माणसांना मी स्वतः त्या सुचवते. पण त्या कोणाला, कोणत्या दातांवर आणि कोणत्या अटींवर लावायच्या, हे समजून घेतल्याशिवाय जादा पैसे मोजू नका.

पहिली गोष्ट म्हणजे दोन्ही प्रकारांत तार धातूचीच असते. वेगळा असतो तो दाताच्या दर्शनी बाजूला चिकटवलेला लहानसा चौकोन, ज्याला ब्रॅकेट म्हणतात. तुमच्या डॉक्टरांना एक ब्रॅकेट तळहातावर ठेवून दाखवायला सांगा. जेमतेम तीन-चार मिलिमीटरचा तुकडा. मधोमध आडवी खाच, अर्ध्या मिलिमीटरहून किंचित रुंद. तिच्यात तार बसते. खाचेच्या वर-खाली चार बारीक पंख असतात आणि त्यांच्याभोवती इवलंसं रबरी कडं अडकवून तार जागेवर धरली जाते. स्टीलच्या ब्रॅकेटच्या पाठीला बारीक जाळी असते, दाताला लावलेला पदार्थ त्या जाळीत शिरून घट्ट होतो. सिरॅमिकचा ब्रॅकेट असाच, फक्त दाताच्या रंगाचा किंवा जवळजवळ पारदर्शक, आणि पाहिलात तर थोडा जाड.

दाताला असं थेट काही चिकटवता येणं हीच तशी अलीकडची सोय. अमेरिकन दंतवैद्य मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये दाखवून दिलं, की दाताचं कठीण आवरण आम्लाने किंचित खरखरीत केलं की त्यावर पदार्थ पक्का धरतो. त्याआधी प्रत्येक दाताभोवती स्टीलचा पट्टा ठोकून बसवावा लागे आणि तोंड उघडलं की सगळं धातूच दिसे. सिरॅमिकचे ब्रॅकेट १९८० च्या दशकात आले, तेही मोठ्या माणसांची ‘तारा दिसायला नकोत’ ही मागणी वाढल्यामुळे. म्हणजे ते आले दिसण्यासाठी. दात लवकर किंवा जास्त चांगले सरळ व्हावेत म्हणून नव्हे.

दात हलतो तो हाडामुळे. तारेचा हलका दाब सतत राहिला की दात ज्या बाजूला ढकलला जातोय तिथलं हाड विरघळतं आणि मागे मोकळ्या झालेल्या बाजूला नवं भरतं. फट मिटवताना महिन्याला साधारण एक मिलिमीटर हा चांगला वेग. हाडापर्यंत पोचतो तो फक्त दाब. तो स्टीलमधून आला की सिरॅमिकमधून, याने काही बदलत नाही. दुखणंही दोन्हींत सारखंच: तार बदलल्यावर तीन-चार दिवस, मग कमी. सिरॅमिकच्या खाचेत तार थोडी जास्त घासते, त्यामुळे फटी मिटायला कधी थोडा अधिक वेळ लागू शकतो. काही सिरॅमिक ब्रॅकेटच्या खाचेत म्हणूनच धातूची पट्टी बसवलेली असते. एकूण काळात मोठा फरक पडत नाही. साधारण दीड ते दोन वर्षं दोन्हींत धरून चला.

मग अडतं कुठे? सिरॅमिकच्या कडकपणात. हे ब्रॅकेट अॅल्युमिनाचे असतात. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोहज मापावर दाताचं आवरण ५ च्या आसपास येतं आणि अॅल्युमिना ९ वर. त्याच्या वर फक्त हिरा. आपल्या शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ म्हणजे दाताचं आवरण, पण तेही अॅल्युमिनावर रोज घासलं गेलं तर झिजतं, आणि झिजलेलं आवरण परत येत नाही.

आरशासमोर उभे राहा. मागच्या दाढा नेहमीसारख्या एकमेकींवर टेकवा आणि ओठ बाजूला करून पाहा, खालचे पुढचे दात किती दिसतात. निम्म्याहून अधिक दिसले तर ठीक. वरच्या दातांनी खालचे जवळजवळ पूर्ण झाकले असतील तर त्याला आम्ही खोल चावा म्हणतो. अशा तोंडात खालच्या पुढच्या दातांवर सिरॅमिक बसवलं तर प्रत्येक घासाला वरच्या दाताची कड त्या ब्रॅकेटवर आपटणार. तुमचा चावा खोल असेल तर खाली सिरॅमिकचा हट्ट धरू नका आणि कुणी सहज ‘चालतंय’ म्हणालं तर कारण विचारा. यावर चांगला तोडगा आहे: वर सिरॅमिक, खाली धातू. बोलताना-हसताना बहुतेकांचे वरचेच दात दिसतात, खालचे ओठाआड राहतात. दिसण्याचा हेतू साधतो, वरचे दात वाचतात आणि खर्चही कमी होतो. मोठ्या माणसांनी सिरॅमिक घ्यायचंच ठरवलं असेल तर मी बहुतेक वेळा हेच सांगते.

आता आपल्या भागातलं खाणं. विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांचं गाळप सुरू झालं की शिवारात, रस्त्याच्या कडेला, ट्रॉलीमागे पोरांच्या हातात ऊस असतो. दाताने सोललेला एक ऊस ब्रॅकेट उडवायला पुरतो. स्टीलचा ब्रॅकेट सुटतो किंवा वाकतो, आणि बहुतेक वेळा अख्खा तारेलाच लटकून राहतो. सिरॅमिक वाकत नाही, तुटतं. त्याचा पंख मोडला की तार धरायला जागा उरत नाही, ब्रॅकेट नवाच लावावा लागतो, आणि मोडलेली धार ओठाला, गालाला कापत राहते. कबड्डी खेळणाऱ्या, मोटारसायकलवर हिंडणाऱ्या मुलांच्या बाबतीतही हाच विचार करा. कबड्डी खेळत असाल तर कोणत्याही तारांवर दातांचं संरक्षक कवच घालूनच मैदानात उतरा.

ऊस, मक्याचं भाजलेलं कणीस, शेंगदाण्याची चिक्की, फुटाणे, कडक झालेला डिंकाचा लाडू, सुपारी, बोराची बी हे तारा असेपर्यंत बंद. खोकला आला की हिरड्याचा तुकडा दाढेखाली धरणारी माणसं पश्चिमेकडच्या गावांत आहेत, तोही नको. पेरू सुरीने पातळ फोडी करून खा, कणसाचे दाणे सोडवून उकडून खा. कडक भाकरी दुधात किंवा कालवणात कुस्करली की काही अडचण नाही. आणि मासवडी? खुशाल खा, ती मऊ असते. फक्त आतले तीळ ब्रॅकेटखाली जाऊन बसतात, म्हणून नंतर लगेच ब्रश.

मासवडीच्या रश्श्यावरून रंगाकडे येते. ‘सिरॅमिक पिवळं पडतं’ असं लोक म्हणतात. चांगल्या प्रतीचा सिरॅमिक ब्रॅकेट स्वतः सहसा रंग धरत नाही. पिवळं पडतं ते त्याच्याभोवतीचं रबरी कडं. पारदर्शक कडी लावून गेलेली व्यक्ती दोन दिवस हळदीचं कालवण जेवली की कडी हळदीच्या रंगाची होतात आणि पांढऱ्या ब्रॅकेटवर तो पिवळा रंग स्टीलपेक्षा कितीतरी जास्त उठून दिसतो. ती कडी पुढच्या भेटीतच बदलली जातात, म्हणजे चार ते सहा आठवड्यांनी. तोवर जादा पैसे देऊन घेतलेली पांढरी तार पिवळी दिसत राहते. राखाडी किंवा धुरकट रंगाची कडी निवडली किंवा रबराऐवजी बारीक तारेने बांधून घेतलं तर हा त्रास कमी होतो. पांढऱ्या रंगाचा लेप दिलेली मुख्य तारही मिळते, पण तो लेप चावण्याने आणि ब्रशने जागोजाग निघतो. तिच्यासाठी वेगळे पैसे मोजावेत असं मला वाटत नाही.

मिश्रीचं मात्र स्पष्ट सांगायला हवं. आपल्याकडे अजूनही कितीतरी बाया सकाळी मिश्री लावतात आणि आता तिशी-चाळिशीतल्या बायका दात सरळ करायला येऊ लागल्यात, याचा मला मनापासून आनंद आहे. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. तिचा काळा थर ब्रॅकेटच्या कडेला बसतो, सिरॅमिकभोवती काळी रेघ उमटते. पण डाग ही त्यातली किरकोळ बाब. तंबाखूने हिरड्या खराब होतात, हाड खचतं, आणि सुजलेल्या हिरड्यांत दात हलवायला गेलं तर ते ढिले पडतात. मिश्री सुटली आणि हिरड्या बऱ्या झाल्या, की मगच तारा. यात तडजोड नाही. तोंडाच्या कर्करोगाची भीती तर आहेच.

खोट्या दागिन्यांनी कानाला खाज सुटते, घड्याळाच्या पट्ट्याने मनगटावर पुरळ येतं, असं असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा. तो बहुधा निकेलचा त्रास असतो. स्टीलच्या ब्रॅकेटमध्ये निकेल असतंच, पण सुरुवातीला घालतात त्या लवचिक निकेल-टायटॅनियम तारेत निम्म्याच्या आसपास निकेल असतं. म्हणजे नुसतं सिरॅमिक घेऊन हा प्रश्न सुटत नाही, तारही वेगळी निवडावी लागते. तोंडात निकेलचा त्रास त्वचेपेक्षा कमी होतो, तरी डॉक्टरांना माहीत असलेलं बरं. तसंच, फिट येत असतील किंवा डोक्याचा एमआरआय वारंवार करावा लागत असेल तर तेही सांगा. धातूच्या ब्रॅकेटमुळे त्या चित्रात तोंडाजवळचा भाग बिघडतो; अशा रुग्णाला सिरॅमिकचा खरा उपयोग आहे.

तारा काढतानाही फरक जाणवतो. स्टीलचा ब्रॅकेट पक्कडीने दाबला की त्याचा तळ वाकतो आणि तो अलगद सुटतो. सिरॅमिक वाकत नसल्याने जोर दाताच्या आवरणावर येऊ शकतो किंवा ब्रॅकेटचे तुकडे होतात आणि उरलेला भाग घासून काढावा लागतो. हल्लीच्या सिरॅमिक ब्रॅकेटच्या तळाला मुद्दाम एक कमकुवत रेघ ठेवलेली असते, त्यामुळे काम पूर्वीपेक्षा सोपं झालंय. तरीही पुढच्या दाताला तडा असेल, मोठं सिमेंट भरलेलं असेल, रूट कॅनल झालेलं असेल किंवा पाण्यातल्या जास्त फ्लोराइडने दातावर तपकिरी खड्डे पडले असतील तर त्या दातावर मी सिरॅमिक लावत नाही.

आता लग्नाचं. ‘दिवाळीनंतर बघायचा कार्यक्रम आहे, तोवर दात सरळ करा, आणि तारा दिसायला नकोत.’ अशी मागणी घेऊन येणाऱ्या आईवडिलांची काळजी मला कळते. पण तीन-चार महिन्यांत पुढे आलेले दात नीट मागे जात नाहीत. जो डॉक्टर तसं वचन देतो त्याच्याकडे जाऊ नका. घाईने ओढलेल्या दातांची मुळं आखूड होऊ शकतात. मुलीला स्वतःला काय हवंय, हे तिला एकटीला विचारावं, असं मला कळकळीने वाटतं. तिला हवं असेल तर वर सिरॅमिक लावून सावकाश, नीट उपचार करू. तारा असताना लग्न झालं तरी काही बिघडत नाही. फोटोच्या दिवशी कडी नवी, स्वच्छ लावून मिळतात.

खर्चाआधी अंतराचा विचार करा, कारण उपचार फसतात ते बहुधा तिथेच. आहुपे, भीमाशंकरच्या बाजूची गावं, घाटघर, नाणेघाटाच्या अलीकडच्या वाड्या, इथून एसटीने मंचर-घोडेगाव किंवा जुन्नर-नारायणगावला यायचं म्हणजे एक दिवस जातो, शाळा बुडते, कामाचा रोज बुडतो. दर चार ते सहा आठवड्यांनी असं दोन वर्षं यायचं आहे. त्यात ब्रॅकेट तुटला की एक खेप आणखी. खेपा कमीत कमी व्हाव्यात असं वाटत असेल तर धातू निवडा, हा सरळ हिशेब आहे. पावसाळ्यात घाटाकडून येणं जमणार नसेल तर तसं आधीच सांगा. लांब मुदतीची तार बसवता येते, पण ती तुम्ही सांगितलं तरच.

सिरॅमिकचा खर्च सगळीकडेच धातूपेक्षा जास्त असतो. ‘एकूण किती’ एवढ्यावर थांबू नका. त्यात एक्स-रे, दात साफ करणं, लागले तर दात काढणं, तुटलेला ब्रॅकेट पुन्हा लावणं आणि तारा निघाल्यावर दात जागेवर धरणारा रिटेनर धरलाय का, हे कागदावर लिहून घ्या. हप्ते उसाच्या बिलाच्या किंवा कांदा-टोमॅटोच्या पैशाच्या वेळेला बांधून मागायला लाजू नका, बहुतेक दवाखाने मान्य करतात. पैशाची अडचण असेल तर पुण्या-पिंपरीतल्या दंत महाविद्यालयांत पदव्युत्तर विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली तारा लावतात. तिथे खर्च कमी, वेळ आणि प्रवास जास्त. काम चांगलं असतं. महाग सिरॅमिक अर्धवट सोडण्यापेक्षा तिथे धातूच्या तारा लावून उपचार पूर्ण करणं कधीही चांगलं.

तारा कोण लावणार, हेही विचारा. बीडीएसनंतर तीन वर्षं याच विषयाचं एमडीएस केलेला डॉक्टर म्हणजे ऑर्थोडॉन्टिस्ट. तालुक्याच्या गावांत असे तज्ज्ञ काही दवाखान्यांत ठरलेल्या दिवशी येतात. त्यांचं नाव, येण्याचे दिवस, आणि मधल्या काळात तार टोचली तर कोण बघणार, ते माहीत करून घ्या. व्हिडिओ पाहून दातांतली फट मिटवायला घरच्या घरी साधा रबर अडकवणारी मुलं आहेत. तो रबर हळूहळू हिरडीत सरकतो, मुळावर चढतो, आतलं हाड खातो आणि चांगला धडधाकट दात गमवावा लागतो. घरात असं कुणी करत असेल तर आजच थांबवा. रबर दिसेनासा झाला असेल तर लगेच दंतवैद्याकडे न्या.

स्टील असो की सिरॅमिक, ब्रॅकेटच्या कडेला अन्न साचून राहिलं तर दाताचं आवरण खडूसारखं पांढरं होतं, आणि तारा काढल्यावर सरळ दातांवर चौकोनी पांढरे डाग राहतात. गोड चहा, उसाचा रस, बाटलीतली थंड पेयं यांनी हे लवकर होतं. रात्री झोपण्याआधीचा ब्रश चुकवू नका. पेस्टवर फ्लोराइडचं प्रमाण वाचा, १००० पीपीएम किंवा त्याहून जास्त हवं. राखुंडी, खरखरीत मंजन बंद. तारेखालून जाणारा बारीक ब्रश औषधाच्या दुकानात मिळतो, तो घ्या. मुलगा दात घासायला कंटाळत असेल तर तारा सहा महिने पुढे ढकला, त्यात कमीपणा नाही.

वय? सातव्या-आठव्या वर्षी एकदा दाखवून घ्या. त्या वयात बहुतेकांना तारा लागत नाहीत, पण खालचा जबडा मागे राहतोय, मूल तोंडाने श्वास घेतंय, अंगठा चोखतंय, हे तेव्हाच कळतं आणि तेव्हाच सुधारता येतं. नेहमीच्या तारा बहुधा अकरा ते चौदा या वयात. ‘दहावी होऊ दे मग बघू’ म्हणून थांबलात तर जबड्याची वाढ निघून जाते. नुसते दात तेव्हाही सरळ होतात, अगदी पन्नाशीतही होतात, पण जबड्याला वळण लावायची संधी परत येत नाही.

तार टोचायला लागली आणि दवाखाना लांब असेल तर डॉक्टरांनी दिलेलं मेण टोकावर दाबा, मिठाच्या कोमट पाण्याने चुळा भरा आणि फोन करा. सुटलेला ब्रॅकेट तारेला लटकत असेल तर ओढू नका. सिरॅमिकचा तुकडा तुटून पडला असेल तर तो थुंकून टाका आणि शक्य असेल तर पुडीत बांधून सोबत आणा.

आणि तारा निघाल्या म्हणजे उपचार संपला असं समजू नका. दात पुन्हा जुन्या जागी सरकू पाहतात, पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त. सुरुवातीला जवळपास दिवसभर आणि नंतर रोज रात्री, वर्षानुवर्षं, रिटेनर वापरावा लागतो. सिरॅमिकसाठी बाजूला काढलेल्या जादा पैशातून एक जास्तीचा रिटेनर करून ठेवा. पहिला हरवतोच.